दांड्यावरचा पठ्ठ्या

उंदीर फिरत्या दांड्यावर चालत होता आणि पडत नव्हता. समोर खुर्चीत बसलेला नवरा तो कधी पडतोय याची वाट बघत होता.

दांडा लाटण्याएवढा जाड, मोटरवर फिरणारा. मेंदूत गाठ असलेला उंदीर त्यावर ठेवला की एका अंगाला कलतो आणि खालच्या गादीवर आपटतो. या उंदराचं नाव इथे प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या बायकोने पठ्ठ्या ठेवलं होतं. काही महिन्यांपूर्वी पठ्ठ्याही असाच आपटायचा. मग एका झाडाच्या सालीतलं कडू द्रव्य, जे एरवी मेंदूच्या उंबरठ्यावरूनच परत फिरतं, ते तिने डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांत भरलं आणि त्याला टोचलं. कण उंबरठा ओलांडून आत गेले. आता पठ्ठ्याच्या स्कॅनमध्ये गाठ शोधूनही सापडत नव्हती.

नवऱ्याच्या डोक्यातही तसलीच गाठ होती. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा जादा ब्रेक एकदा त्याला वेळेवर दाबता आला नाही, तेव्हा ती कळली. आता डावा पाय फरपटत होता. प्रयोगशाळेत येताना बुटांवर चढवायची प्लास्टिकची पिशवीसुद्धा त्याला घालता आली नाही. बायकोनेच वाकून घातली.

घरी जेवताना रोज पठ्ठ्याचं कौतुक चालायचं. पठ्ठ्याचं वजन वाढलं, पठ्ठ्या आज नीट चालला. पूर्वी नवरा हसून म्हणायचा, बायकांच्या नशिबी सवत येते, माझ्या नशिबी उंदीर आला. गाठ सापडल्यापासून ही थट्टा बंद झाली. आता त्याच्या पोटात सरळसरळ दुखायचं. एवढ्याशा जिवावर जळायची लाजही वाटायची, पण जळणं काही थांबत नव्हतं. आज तो हट्टाने आला होता, पठ्ठ्याला एकदा डोळ्यांनी बघायला.

"मला टोच," तो म्हणाला.

बायकोने दांडा बंद केला. मग तिने ते सगळं पुन्हा सांगितलं: उंदराला मानवलं ते माणसाला मानवेलच असं नाही, मात्रा किती द्यायची ते ठाऊक नाही, आधी मोठे प्राणी, मग परवानग्या, मग माणसं. त्याला ते पाठ होतं. तेवढ्या वर्षांत त्याची मुदत कितीदा तरी संपली असती, हेही दोघांना पाठ होतं.

"याची मात्रा तरी कुणाला ठाऊक होती?" तो म्हणाला. "तुझा तो बाब्या आणि मी कार्टं."

ती हसली नाही. तिने पठ्ठ्याला तळहातावर घेतलं आणि अंगठ्याने त्याची पाठ चोळू लागली. नवरा त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने खवचटपणे विचारलं, की साहेब आता म्हातारे होईपर्यंत इथेच मजा मारणार का.

"नाही," बायको म्हणाली. "आज त्याचा शेवटचा दिवस आहे."

स्कॅनला न दिसणारं काही मागे उरलंय का, हे मेंदूचे पातळ काप काढून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी तो मेंदू बाहेर काढावा लागतो. हे तिने त्याला घरी कधी सांगितलं नव्हतं. हे काम कोण करतं, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, मीच करते, दुसऱ्याच्या हातात तो घाबरतो.

आता तरी आपला हेवा संपेल असं नवऱ्याला वाटलं. संपला नाही. बरा होऊन मरणार होता लेकाचा. चारी पाय धड असताना, हिच्या हातात.

"तरी त्याचंच बरं आहे," तो म्हणाला.

बायकोने पठ्ठ्याला पेटीत ठेवलं, हात धुतले आणि नवऱ्याला दंडाला धरून दारापर्यंत आणलं. दारात तो थांबला.

"दुपारपर्यंत कळेल ना?"

"कळेल."

"त्याच्या डोक्यात थोडं जरी उरलेलं दिसलं, तर मला लगेच फोन कर."

"आणि काहीच उरलं नसेल तर?" तिने विचारलं. तिची इतक्या वर्षांची मेहनत त्या उत्तराला टांगलेली होती.

"तर आज नको सांगूस," तो म्हणाला. "आजचा दिवस जाऊ दे."

ती होकारार्थी मान हलवून आत गेली.

दुपारभर तो फोन उशाशी घेऊन पडून राहिला. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्याने फोन हातात घेऊन बघितला. बॅटरी होती, रेंज होती, आवाजही सुरू होता. फोन आला नव्हता.