किबोकोची परीक्षा

“हा माणूस झोपतो तरी कधी?” लामवाकाने पडद्यावरची नजर न हलवता विचारले.

इंटरनेटवर किबोको या नावाने लिहिणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने आणखी एका आरोग्यकेंद्राची अडचण सोडवून दिली होती. किबोको म्हणजे पाणघोडा. सरोवरापलीकडे, शेजारच्या देशातल्या म्वान्झा शहरात राहतो, याखेरीज त्याने स्वतःविषयी काही सांगितले नव्हते.

“पाणघोड्याचं दिसतं काय? वर दोन डोळे,” ओचिट्टी म्हणाला. “बाकी सगळा पाण्याखाली. जपून हो, लाकेरची आई.”

ओचिट्टी तिचा विद्यापीठापासूनचा सोबती. गुलू शहराच्या बाजारामागे एका खोलीत दोघांची टेबले समोरासमोर होती. मुलगी झाल्यापासून तो तिला ‘लाकेरची आई’ म्हणे आणि तिला ते आवडे.

आरोग्यकेंद्रांतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली होती. त्यावर बाळंतिणींच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर बसवायचे तर लामवाकाने लिहिलेली कृती लागे: काय कुठून उतरवायचे, कसे जुळवायचे, कुठे ठेवायचे. अशा कितीतरी कृती लोकांनी लोकांसाठी एका सामायिक भांडारात ठेवलेल्या असतात. त्यांची हमी कोणी देत नाही. बसवण्याआधी कृती वाचून पाहावी, एवढाच तिथला रिवाज. लामवाका तो कसोशीने पाळी. दुसऱ्याची कृती ओळ न ओळ वाचल्याशिवाय ती आपल्या संगणकाला शिवू देत नसे.

पण सॉफ्टवेअर बदलले की कृतीही बदलावी लागे, आणि आता लाकेर रांगू लागली होती. नोकरी होतीच. कृती कुणाच्या तरी हवाली करणे भाग होते. ज्याच्या हाती ती जाईल, त्याला त्या साऱ्या संगणकांची दारे उघडी होणार होती. बायकांची नावे, गावे, फोन नंबर, दुखणी, सगळेच त्यात होते.

किबोकोने स्वतःहून विचारले होते, मी सांभाळू का?

“फुकट राबणाऱ्यांचा मला संशय येतो,” ओचिट्टी म्हणाला.

“मग माझाही घे. मला कोण पगार देतं?”

“तुझी गोष्ट वेगळी. तू मुळातच वेडी.” तो खुर्ची पुढे ओढून बसला. “खरं सांगू? मला दे. मार्चमध्ये तू बाळंतपणाला इस्पितळात होतीस, तेव्हा मीच बघत होतो ना?”

“बघत होतास खरा. नुसताच बघत होतास! एक दुरुस्ती करायला महिना लावलास.”

ओचिट्टी मोकळेपणाने हसला. तेव्हा दिलेला तिच्या खात्याचा पासवर्ड अजून त्याच्याकडेच होता. तो परत मागावा असे तिच्या कधी मनातही आले नव्हते.

किबोकोचे कोडे मात्र तिला स्वस्थ बसू देईना. विद्यार्थी असेल? निवृत्त मास्तर? तिने त्याची जुनी उत्तरे काढून वाचली. एका परिचारिकेने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता, आणि दर वेळी त्याने तो नव्या शब्दांत समजावून दिला होता. इतका सोशिक माणूस एक तर फार भला असतो, नाही तर त्याला काहीतरी फार हवे असते, असे तिला वाटले.

शुक्रवारी ओचिट्टी जेवण आणायला गेला असताना तिने पुढच्या आवृत्तीची कृती काढली आणि तीत एक ओळ घातली. दिसायला चोरदरवाजा, प्रत्यक्षात निरुपद्रवी. मग ती किबोकोला पाठवली: ‘प्रसिद्ध करण्याआधी नजर टाकाल का?’ चोर असेल तर दार पाहून गप्प बसेल. आळशी असेल तर त्याला ते दिसणारच नाही. दोघांपैकी कुणीही तिला नको होता.

ओचिट्टी मलाक्वांगची भाजी आणि रताळी घेऊन आला. तिने त्याला सगळे सांगितले.

त्याने ताट खाली ठेवले. “अख्खी कृती वाचायला दिलीस?”

“मग काय, अर्धी देऊ? ती तशीही जगजाहीर आहे. कोणीही वाचावी.”

“आणि कोणी वाचत नाही.”

“हा वाचतो का, तेच तर बघायचंय.”

तो थोडा वेळ रताळे सोलत राहिला. “माझ्यावर भरवसा नाही तुझा. तसं सांग ना.”

“नसता तर पासवर्ड दिला असता? जेव आता. भाजी गार होतेय.”

सोमवारी सकाळी उत्तर आले. लाकेर मांडीवर झोपली होती. एका हाताने तिला थोपटत लामवाका वाचू लागली.

‘लामवाकाताई, तुम्ही परीक्षा घेताहात हे लक्षात आलं. राग नाही. तुमच्या जागी मीही घेतली असती. दोन्ही ओळी सापडल्या. पहिली सोपी होती. ती नुसती एक रिकामी फाइल तयार करते. दुसरीने मात्र घाम फोडला. ती कृतीसोबतच्या त्या छोट्या फाइलीत आहे, जी आम्ही कोणी उघडत नाही. मीसुद्धा आजवर उघडली नव्हती. दर रविवारी ती बायकांचे फोन नंबर दूधपावडर विकणाऱ्या एका कंपनीच्या पत्त्यावर पाठवते. खोटंखोटं नाही, खरोखर पाठवते. शिवाय ती या नव्या आवृत्तीपुरती नाही. मार्चपासूनच्या प्रत्येक आवृत्तीत आहे, तुमच्याच खात्यातून घातलेली. ताई, परीक्षा म्हणून हे जरा जास्त झालं. आधी ती काढा, मग मला पास करा की नापास.’

लामवाकाने ते पुन्हा एकदा, शब्द न शब्द वाचले. थोपटणारा हात थांबला होता.

“आलं वाटतं उत्तर?” समोरच्या टेबलावरून ओचिट्टीने विचारले. “काय म्हणतोय पाणघोडा? सापडली त्याला तुझी ओळ?”

“हो,” लामवाका म्हणाली. “माझीही सापडली.”