मंगळवारचं पाणी

थोरलीने बादलीत चार मुठी खडेमीठ टाकलं, काठीने ढवळलं आणि बादली कोपऱ्यातल्या झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली. दुपारचे अडीच वाजले होते. बागेत चिटपाखरू नव्हतं. पाणी घालायचे वार सगळ्या घरांना वाटून दिलेले होते आणि मंगळवार तिचा होता, त्यामुळे कुणी पाहिलं असतं तरी म्हणालं असतं, बघा, बाईचा किती जीव आहे झाडांवर.

जीव कसला. चार महिने हेच चाललं होतं आणि मेलं झाड मरायचं नाव घेत नव्हतं. उलट बाकीच्यांपेक्षा तरारलेलं. थोरलीच्या मुलाला ह्याच कोपऱ्यात, भिंतीशी भोसकलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा इथे बाग नव्हती. राडारोडा होता, फुटक्या बाटल्या होत्या, आणि दिवा लावला की दुसऱ्या दिवशी तो फुटलेला असायचा. मुलगा अठराचा होता. झाड आता त्याच्या खांद्याला लागलं असतं.

तो गेल्यावर सगळ्यांना जाग आली. राडारोडा हलला, माती आली, रोपं आली, बाकं आली. संध्याकाळी म्हातारे येऊन बसू लागले, बायका भाजी निवडायला खाली उतरू लागल्या, आणि सुरे बाळगणाऱ्यांना दबा धरायला कोपराच उरला नाही. दोन वर्षांत पोलिसांची गाडी एकदाही आत वळली नव्हती. लोक हे कौतुकाने सांगायचे आणि थोरली दिसली की आवाज खाली आणायचे. तिला ऐकू यायचंच, आणि पोटात दुखायचं. हीच रोपं एक वर्ष आधी लावायला कुणाचे हात मोडले होते?

सगळ्यांत जास्त डोळ्यांत खुपायची ती धाकटी. तिची जाऊ, समोरच्याच दारात राहणारी. धाकटीचा मुलगा सतराचा, शिकवणीहून आला की अंधार पडेपर्यंत त्याच बागेत चेंडू बडवत असायचा. सात वाजले की धाकटी खिडकीतून ओरडायची, "वर ये रे, ताट वाढलंय." आणि ओरडायची कशी, तर वैतागून. थोरलीला आपल्या स्वयंपाकघरात ती हाक ऐकू यायची आणि अंगाची लाहीलाही व्हायची. वैतागायची चैन होती बाईला.

वर जाऊन ती आडवी झाली. अर्ध्या तासाने आठवलं, मिठाची पिशवी बाकावरच राहिली. ती तशीच चपला सरकवून खाली आली.

झाडापाशी धाकटी उकिडवी बसली होती. हातात खुरपं, शेजारी घमेलं. बुंध्याभोवतीची ओली माती खरवडून ती घमेल्यात भरत होती. मागे पाण्याने भरलेल्या तीन बादल्या आणि ताज्या मातीची गोणी होती. हात सवयीने चालला होता.

"पिशवी बाकावर आहे, ताई," मान वर न करता ती म्हणाली.

थोरली जागची हलली नाही. "कधीपासून करतेयस हे?"

"तुमच्या दुसऱ्या मंगळवारपासून. माती पांढरी पडली होती."

"कुणाला सांगितलंस?"

"सांगण्यासारखं आहे का काही त्यात?" धाकटीने एक बादली ओतली आणि पाणी मुरेपर्यंत थांबली. "झाड गेलं की हा कोपरा ओसाड पडेल. मग बाकं रिकामी होतील. मग ते लोक परत येतील. माझा एकच आहे, ताई. तुम्हाला तसं हवंय का?"

दुसरी कुणी असती तर नाही म्हणून मोकळी झाली असती. थोरलीला ते जमलं नाही.

"सात वाजता हवं असतं," ती म्हणाली. "तू त्याला हाक मारतेस ना, तेव्हा. तेवढ्यापुरतं."

धाकटीने खुरपं खाली ठेवलं. मग तिने दुसरी बादली ओतली, तिसरी ओतली, गोणीतली माती पसरून तळहाताने दाबली आणि उठून हात पदराला पुसले.

"मग आज हाक तुम्ही मारा."

"मी?"

"माझा घसा बसलाय," धाकटी खणखणीत आवाजात म्हणाली आणि घमेलं उचलून चालू लागली.

सातला थोरली आपल्या खिडकीशी उभी राहिली. तीन वर्षांत तिने ह्या खिडकीतून कुणाला हाक मारली नव्हती. आधी आवाज फुटेना, आणि फुटला तो इतका मोठा की बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या.

"वर ये रे. ताट वाढलंय."

"पाच मिनिटं, काकू," खालून उत्तर आलं. चेंडू काही थांबला नाही.

"पाच म्हणजे पाच," ती ओरडली. चांगली वैतागून ओरडली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

ती घड्याळाकडे बघत उभी राहिली. सहाव्या मिनिटाला जिन्यात बूट वाजले, दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले, तिच्या दाराशी क्षणभर घुटमळले. मग समोरचं दार उघडलं आणि लागलं. पलीकडे ताटवाट्या वाजल्या.

पोटात दुखलंच. थोरलीने मिठाची पिशवी उचलली, केराच्या डब्यापर्यंत नेली आणि परत आणली. मग स्टूल ओढून, वर चढून, ती सगळ्यांत वरच्या फळीवर मागे ढकलून ठेवली. स्टुलाशिवाय तिथवर हात पोचणारा त्या घरात एकच जण होता, तीन वर्षांपूर्वीपर्यंत.