शेवटची सराव चाचणी

एम.टेक.ची प्रवेश परीक्षा उद्यावर आली होती. केतकी शेवटची सराव चाचणी सोडवत होती. बाबा शेजारी मेथी निवडत बसले होते. उत्तर चुकलं, की शिकवणीचं यंत्र तिच्या दिवंगत आईच्या आवाजात समजावून सांगायचं, “अगं, घाई कसली? प्रश्न परत वाच.” परीक्षा झाली की शिकवणी संपणार आणि तो आवाजही पुसला जाणार होता.

आज एकही उत्तर चुकलं नव्हतं. यंत्र गप्प होतं.

“बाबा, पानं टाकताय आणि देठं ठेवताय. मी पास होईन हो.”

“होशीलच,” ते म्हणाले. “पण एखादं चुकव ना.”

शेवटचा प्रश्न उरला होता. केतकीने बरोबर उत्तरावरचं बोट उचलून शेजारच्या पर्यायावर ठेवलं. दोघंही बोलणी खायला सरसावून बसली.