लहरींची पारख

कामरगावच्या देवराव लोहारानं पोलादाचे थर एकावर एक ठोकून, अंगभर पाण्यासारख्या लहरी उमटलेल्या आठ सुऱ्या घडवल्या. इंझोरीच्या लोकांनी त्या बाजारातून हातोहात नेल्या. चौथ्याच दिवशी तिथले पंजाबराव आपली सुरी ऐरणीवर आदळून गरजले, "पानकोबीच्या दांड्यावर वाकली ना! डुप्लिकेट माल देऊन राह्यला का गा?"

पात्यावरचा निळा-काळा डाग पाहूनच देवरावाच्या तोंडाची चव गेली. "गॅसवर धरली होती?"

"हो तं! असली असन तं लाल केल्यावर बी लहरी जात नाहीत, असं व्हिडिओत सांगतलं."

"मंग, गेल्या?"

"नाही गेल्या."

"लहरी थरायच्या हायेत, त्या कायले जातीन? भट्टीत तापवून, तेलात बुडवून मी तिले जो कडकपणा देल्ला, तो जाळला ना तुमी चहाच्या गॅसवर!" म्हणत देवराव पचकन बाजूला थुंकला.

पंजाबराव ओशाळले. "मले काय माहीत, बाप्पा? मी तं तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर बी टाकला."

 

तेवढ्यात इंझोरीची जीप दारात थांबली, आणि वाकड्या सुऱ्या हातात घेऊन सात जण तणतणत खाली उतरले.