साहेबांचा माईक

"बाबा, व्हीपीएन लागलं का?" तिनं आतल्या खोलीतून विचारलं.

"लागलं. पण ऑफिसचा कॉम्प्युटर आज पार मेटाकुटीला आलाय. माऊस हलवला की घटकाभरानं हलतो."

हलणारच. बाबा लॅपटॉपवरून ज्याला जोडले जात, तो ‘ऑफिसचा कॉम्प्युटर’ होता भिंतीपलीकडे, तिच्या टेबलावर. तिच्या नवऱ्याचा, जुना. नवरा गेला आणि ती माहेरी आली, तेव्हा सामानासोबत आलेला. बाकीची खोकी अजून तशीच बांधलेली होती.

बाबांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसले आणि म्हणाले, "कंपनीचं व्हीपीएन का लागत नाही गं? साहेब खवळतील."

आपण निवृत्त झालो, हेच ते विसरले होते. नवऱ्यापाठोपाठ आता बाबाही हातचे जाणार, त्यांच्याच घरात, तिच्या डोळ्यांदेखत. ती पडली कॉम्प्युटरवाली. दोन दिवसांत तिनं खोटं ऑफिस उभं केलं. लॉगिनची खिडकी तशीच, कंपनीचं बोधचिन्हही तसंच. साहेबही तीच झाली. साहेबांचा माईक तेवढा कायमचा बिघडलेला. ते फक्त लिहून बोलत.

तेव्हापासून तिला नऊच्या आत आवरून बसावंच लागे. साहेब गैरहजर राहून कसं चालेल? संध्याकाळी ती कंपनीच्या पंपांच्या आराखड्यांत मुद्दाम चुका पेरायची, सकाळी बाबा त्या हुडकायचे. एखादी हमखास राहून जायची. मग साहेब लिहीत, "पुन्हा बघा." बाबांचं उत्तर येई, "माफ करा, साहेब." ते वाचून तिला रडू आवरत नसे. एवढा काटेकोर माणूस!

डॉक्टर दर आठवड्याला येत आणि आधी तिलाच विचारत, "झोप लागते का? जेवण?"

"माझं राहू द्या हो. बाबांचं बघा."

आज मीटिंग संपली आणि बाबा माईक बंद करायला विसरले. बाहेर बेल वाजली, खुर्ची सरकली. तिच्या हेडफोनमधून डॉक्टरांचा आवाज आला, अगदी हळू.

"काका, हे विसरण्याचं सोंग आणखी किती दिवस?"

बाबांनी आवाज आणखी खाली आणला.

"सहा महिने पोरगी अंथरुणातून उठली नव्हती, डॉक्टर. आता माझ्या चुका काढायला तरी उठते."