सेन्सर एक, सवती दोन

निवृत्त प्रोग्रॅमरच्या लुळ्या हाताला व्यायाम शिकवणारं नवं सॉफ्टवेअर हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर चालेना. त्यांनीच कधीकाळी लिहिलेल्या जुन्या सॉफ्टवेअरचा, सेन्सर चालवणारा ड्रायव्हर तिथे आधीच ठाण मांडून बसलेला. दोन्ही सवतींसारखी भांडायची. एक असलं की दुसरं उघडायचंच नाही. “बाबा, जुनं टाका काढून! हात बरा व्हायला नको?” लेक फोनवर कावली. जुन्यात तिची गेलेली आई होती. कधीकाळी चाचणीसाठी सेन्सरने टिपलेली, पडद्यावर नुसती रेषांची बाहुली हात हलवायची, पण आवाज तिचाच: “आता तरी बघाल ना माझ्याकडे?” म्हातारबुवांनी तोडगा काढला. सकाळी जुनं काढून नवं घालायचं, व्यायाम करायचा, संध्याकाळी उलट. एकदा लेकीला फोनवर मागून आईचा आवाज आला. मग बाबांना सगळं सांगावंच लागलं. “रोज काढता-घालता, बाबा? त्या हाताने?” “तोच तर व्यायाम, बाळ.” सकाळी जेमतेम हललेला हात बाहुलीसमोर आपसूक उंचावला.