कायमचंच होतं म्हणून

लॅपटॉपवर प्रोग्राम चालवायला मी एक नवं, वेगळं एन्व्हायर्नमेंट तयार केलं होतं. जुन्या कामाचा त्याला वाराही लागू नये, असं. प्रोग्रामला लागणारी पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे संच, यादीप्रमाणे एकेक करून त्यात बसली, तरी प्रोग्राम काही चालू होईना. मी कपाळाला हात लावून बसलो होतो, तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. आई गेल्यापासून मला वाढवलं ते तिनंच, याच घरात.

टेबलावर आमच्या नव्या फ्लॅटचा नकाशा पसरलेला होता. आमची खोली, लेकीची खोली, पाहुण्यांची खोली, अगदी वॉशिंग मशीनची जागासुद्धा बायकोनं आणि मी कालच पेन्सिलीनं लिहून टाकली होती. आत्यानं कप ठेवायला तो जरा सरकवला.

"काय अडलंय रे?"

"अगं, जुन्या ठिकाणी एक पॅकेज पहिल्यापासूनच होतं. बाकीची सगळी त्याच्याच जिवावर चालायची. पण ते कायमचंच, म्हणून यादीत घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग आता?"

"आता काय, घालतो. एका ओळीचं तर काम आहे."

चहाचा कप उचलायला मी मान वर केली. ती नकाशा बघत होती. मीही एकेक खोलीचं नाव वाचत गेलो, आणि हातातला कप खाली ठेवला.



"होतं रे असं," ती म्हणाली. "मला पाहुण्यांची खोलीही चालेल, कुणी आलं, की मी हॉलमध्ये झोपत जाईन."